वाकलेल्या पायरीचा काठ

तांडापेठ, नागपूर
९ जानेवारी २०२५

कौशल्या,

मागाखालचा आरसा काल दुपारी फुटला. मांजरीने पाडला असं यांचं म्हणणं आहे. मांजर तीन दिवसांपासून घराकडे फिरकलेली नाही आणि यांची चप्पल मागाच्या खड्ड्यात सापडली, याला मयुरी साक्षीदार आहे.

आरसा तुझ्या रुखवतातला होता, म्हणून कळवणं भाग आहे. फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलास, तेव्हा पोस्टाने कळवते. उमरेडचा पत्ता नत्थूभाऊजींनी यांना दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, भावाने भावाला पत्ता दिला, एवढंच. काचा मी जपून गोळा केल्या. लाकडी चौकट शाबूत आहे, ती पुसून ठेवली. तुला हवी असेल तर कुणाच्या तरी हाती पाठवते.

प्रश्न राहिला कामाचा. तुला सांगायला नको, आपल्या मागावर साडीची उलटी बाजू वर असते आणि सुलटी खाली. एकोणीस वर्षं आपण दोघी जावा शेजारी बसून उलटंच पाहत विणलं, आणि धागा चुकला का ते मान वाकवून तुझ्या आरशात पाहिलं. मी नवा आणायला निघाले तर मयुरी म्हणाली, "थांब ना वं आई, माझा जुना फोन हाये ना." मिहानच्या कंपनीत नोकरी लागल्यावर तिने नवा घेतला. जुना तांदळाच्या डब्यावर पडून होता. तिने तो पडदा वर करून मागाखाली ठेवला. बोट लावलं की तीन आकडे मोजून फोटो आपोआप निघतो, असं काहीतरी करून दिलं. काढायचा, उचलून पाहायचा, परत ठेवायचा.

पहिल्या फोटोत काठ आलाच नाही. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून माझं तोंड आलं, खालून. नुसती हनुवटी आणि नाकपुड्या. ते पाहून हे म्हणाले, "धाग्याच्या पिंजऱ्यात कोन कोंडली हे?"

मी तो फोटो पुसला नाही. चाळीस वर्षं हे धागे डोळ्यांपुढे आहेत, पण आरशात नजर काठावरच असायची, धागे खालून कधी पाहिले नव्हते. खालून ते पांढरे दिसत नाहीत. काही छपराच्या पत्र्यासारखे करडे, काही फटीतून येणाऱ्या उन्हासारखे पिवळे. एकाच कोकड्यातला धागा, पण प्रत्येकाचा रंग वेगळा. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

फोटोची प्रत सोबत आहे. उजवीकडे बसायची रिकामी फळी दिसते, ती फोटो तिरका आल्यामुळे दिसते.

जाण्याआधी तू मला एकच प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं आहे. तो विषय इथे काढत नाही.

अनुसया


१ फेब्रुवारी २०२५

कौशल्या,

तुमच्या वरच्या खोलीच्या लोखंडी जिन्याची सावली सकाळी साडेनऊला मागच्या भिंतीवर नीट पडते आणि पावणेदहाला विस्कटते. मी बावीस दिवस पाहते आहे. घड्याळ यांनी धरलं, तेव्हा वेळेबद्दल वाद नको.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं.

फोन आठवडाभरही मागाखाली टिकला नाही. मी पाणी भरायला गेले की तो हातात, बाजारात गेले की पिशवीत. कॉटन मार्केटला संत्र्यांच्या ढिगाचा फोटो काढायला गेले तर संत्रीवाला म्हणाला, "काकू, फोन उलटा पकडला तुमी. काच तुमच्याकडं पाह्यजे." मी म्हटलं, "माझं काम उलट्याच बाजूनं चालते गा." तो ज्याला काच म्हणतो तो पडदा, मयुरीने मागाखाली तोच वर करून ठेवायला शिकवला, आणि मला तीच सवय लागली. फोनला पाठीमागे दुसरा, जास्त चांगला डोळा आहे म्हणे. असेल. मला याच्यात काय येईल ते आधी दिसत नाही, आणि तेच आवडतं. धोटा टाकून आडवा धागा भरल्यावर खाली काय उमटलं ते नंतर पाहावं लागतं, तसंच.

फोटो काय काय निघाले ते ऐकशील तर म्हणशील बाई बिघडल्या. मेट्रोच्या खांबाखाली वाळत घातलेल्या गोधड्या. शेजारच्या यमुताईंचं पापडाचं प्लास्टिक, त्यावर अर्धेच पापड उरलेले. एकीकडे ऊन खाणारं कुत्रं, त्याच्या फासळ्या. काढताना वाटतं यात काहीतरी आहे, आणि घरी येऊन पाहिलं की कधी असतं, कधी कुत्रंच असतं.

पण जिन्याची सावली रोज काहीतरी दाखवते. पाण्याच्या ड्रमच्या झाकणावर फोन भिंतीकडे तोंड करून टेकवते आणि बाजूला होते. भिंतीवर पायऱ्यांचे दात पडतात, करवतीसारखे. आपल्या करवत काठाचेच दात, पण जरा झुकलेले. आणि एक दात मोडका. ती वाकलेली पायरी, सामान हलवलं त्या दिवशी तुमचं कपाट जिच्यावर आपटलं ती. यांनी सहा वर्षांत ती ठोकून घेतली नाही.

"भिताडाचे फोटो काहून काढून राहिली वं तू रोज?" यांनी विचारलं. "भीत पळून जाऊन राहिली काय?"

"सावली पळून राहिली," मी म्हटलं. चेष्टेत म्हटलं, पण खरं निघालं. दहा जानेवारीचा फोटो आणि आजचा शेजारी ठेवला तर दात लांब झालेत. जानेवारीत बुटके, आता खाली उतरायला लागलेत. सूर्य वर येतो आहे ना, तसे.

मग एक गंमत झाली. मयुरी रविवारी घरी होती. मी फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा करत गेले, करत गेले. ती म्हणाली, "आई, एवढा मोठा नको करू, फाटते तो. पाह्य, सारे चौकोनच झाले."

"फाटला नाही वं. आता कुठं दिसून राहिला मले."

कौशल्या, पूर्ण फोटो चौकोनांचा असतो. आलेखाच्या कागदासारखा. एक चौकोन काळा, एक पांढरा, एक मधला. सासरे बसून कागदावर एकेक चौकोन भरून नक्षी काढायचे, तशी कुणीतरी आधीच भरून ठेवलेली. मी वही काढली आणि चौकोन मोजायला बसले. दुपारचा स्वयंपाक मयुरीने केला.

सावलीच्या दोन प्रती पाठवते. स्टुडिओवाल्याने विचारलं, "काकू, हा चुकून निघाला का?" मी म्हटलं, दोन्ही चुकून निघाले, दोन्ही छाप.

२०१९ च्या बक्षिसाबद्दल तू अजून राग धरला असशील. साडी दोघींनी विणली, पेपरात फोटो माझा एकटीचा आला, हे मी कधी नाकारलं नाही. पण फॉर्मवर विणकराच्या नावाला एकच ओळ होती, हे तुलाही ठाऊक आहे.

अनुसया


२४ फेब्रुवारी २०२५

कौशल्या,

जिन्याच्या सावलीचा काठ मे महिन्याच्या विणकर प्रदर्शनासाठी निवडला गेला. भैरवी मॅडम काल चार वाजता स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. प्रदर्शनातल्या नव्या नक्ष्या त्याच पाहतात. वयाने मयुरीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात, पण मागाच्या फणीतले धागे बोटाने मोजतात, म्हणून मी त्यांचं ऐकते.

नक्षी अशी आहे. साडीच्या एका टोकाला दहा जानेवारीचे दात, बुटके. तिथून सरकत सरकत ते लांब होत जातात आणि पदरापाशी मार्च येतो. रोजचा एक फोटो म्हणजे काठाचा एक तुकडा. मोडका दात प्रत्येक तुकड्यात तिसऱ्या जागी आहे, पण त्याचा आकार रोज बदलतो.

मॅडम वही उलटून उलटून पाहत होत्या. "काकू, ही नक्षी कुठे परत येतच नाही."

"सावली कुठं परत येते?"

"पण मग नक्षीच्या यंत्राला भोकांच्या पट्ट्या लावून होणार नाही हे. सगळं हाताने मोजावं लागेल."

"हातानंच व्हायचं ते."

"दोन्ही काठ?"

"दोन्ही."

यावर त्यांनी मागाकडे पाहिलं. फळी पाहिली, एकच गादी पाहिली. मला कळलं पुढे काय विचारणार ते. तुला माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत आहे: करवत काठाला तीन धोटे आणि दोन माणसं. डावा काठ एकीचा, उजवा दुसरीचा, मधला धोटा इकडून तिकडे. गेली सहा वर्षं मी साध्या काठाच्या साड्या विणते, त्याला एक माणूस पुरतं.

"दुसऱ्या बाजूला कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "माणूस आहे. उमरेडला आहे."

हे दाराशी उभे होते. त्यांनी खोकून दाखवलं. मॅडम गेल्यावर म्हणाले, "तिले विचारलं काय तू?"

"पत्र लिहितो ना."

"भिताडाचे फोटो पाठवते तू तिले. त्याले विचारणं म्हणत नाई."

म्हणून विचारते. येशील का? ताणा मार्चअखेर चढवावा लागेल. दीड महिन्याचं काम आहे. शाळेत पोषण आहार शिजवतेस असं भाऊजींकडून कळलं. परीक्षा संपल्यावर सुट्टी लागेल, तेव्हा जमेल असं वाटतं. वरची खोली झाडून ठेवली आहे.

तू आली नाहीस तर नक्षी वहीत राहील. दुसऱ्या विणकरिणीला मी शिकवू शकते, पण तिने तो जिना चढलेला नाही.

मॅडम फॉर्म ठेवून गेल्या. अजून भरलेला नाही.

अनुसया


८ मार्च २०२५

कौशल्या,

वीतभर नमुना मी एकटीने विणून पाहिला आणि तो फसला. फोनने खालून काढलेल्या फोटोत ते स्वच्छ दिसतं, आणि काल मयुरीनेही मोजून तेच सांगितलं. डावा काठ बरा आहे. उजव्याला पोचेपर्यंत माझी मोजणी सुटते आणि दात दोन धाग्यांनी मागे राहतो. मी जागा बदलून पाहिली. मग डावा मागे राहिला. नमुन्याचा आणि सावलीचा फोटो सोबत आहे. नमुना पाहून हसलीस तरी चालेल.

आता दुसरी गोष्ट. ही मी तीन पत्रांत लिहायची टाळली.

आज सकाळी फॉर्म भरायला घेतला. कागद तोच आहे, सहा वर्षांपूर्वीचाच छापलेला. समोर एकच ओळ: विणकराचे नाव. मी पेन टेकवलं आणि उचललं. मग कागद उलटला. मागे रकाना आहे: सहविणकराचे नाव, पत्ता, सही.

२०१९ च्या फॉर्मलाही होता.

पेपरात फोटो आला त्या दिवशी जिन्याखाली उभी राहून तू विचारलंस, "बाई, तुमी फारम पलटवून पाह्यला नाई काय?" मी म्हटलं, "नाही." तू माझ्याकडे पाहिलंस आणि वर गेलीस. दोन महिन्यांनी कपाट खाली आलं.

मी पाहिला होता. भरताना पाहिला होता. ज्या बाईचा जन्म कापडाची उलटी बाजू पाहण्यात गेला, तिने कागदाची उलटी बाजू पाहिली नाही, हे तुला पटणार नव्हतं, आणि तरी मी तेच सांगितलं. कारण विचारशील तर मोठं काही नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाव विचारत होतं. वाटलं, एकदा एकटीचं लागू दे, पुढच्या वेळी दोघींचं देऊ. नंतर तू विचारलंस तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही. मग तू गेलीस आणि पुढची वेळ आली नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की रिकामी फळी फोटो तिरका आल्यामुळे दिसते. फोटो तिरका नव्हता.

यांना हे आज सांगितलं. सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, "मले माहीत होतं. फारम पोष्टात मीच टाकला ना."

म्हणजे सहा वर्षं घरात दोघं जण गप्प होतो.

याचं उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. फॉर्म अजून कोरा आहे.

अनुसया


२० मार्च २०२५

कौशल्या,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. पोस्टमनकडून मी स्वतः घेतलं. आत पत्र नव्हतं. माझाच सावलीचा फोटो परत आला होता आणि त्याच्या मागे पेन्सिलीने तुझ्या हातचं:

"जिना नळाकून चढते. फोटोत तुळशीकून चढून राहिला. दात उलटे आहेत."

खाली प्रत्येक दाताचे धागे मोजून लिहिलेले, आणि वाकलेल्या पायरीपुढे एक बाण: "हे चवथी. तिसरी नाई."

मी फोटो घेऊन मागे गेले. जिन्याखाली उभी राहिले. नळ, तुळस, जिना. पायऱ्या मोजल्या. चौथीच.

कौशल्या, सव्वादोन महिने रोज साडेनऊला मी ती सावली पाहत होते. डोळ्यांनीही पाहत होते आणि फोटोतही. दोन्हींमध्ये दात वेगवेगळ्या बाजूला झुकले आहेत, हे मला एकदाही दिसलं नाही. यांना दिसलं नाही. भैरवी मॅडमनी तर भिंत पाहिलीच नव्हती.

मयुरी संध्याकाळी आली तेव्हा तिला दाखवलं. आधी तिला कळेना. मग हसायला लागली ती थांबेना. "आई, तू साऱ्या फोटो पुढच्या कॅमेऱ्यानं काढल्या काय? तो तोंड पाहाचा हाये वं. आरशावानी उलटं दाखवते तो." संत्रीवाल्याच्या दुकानाची पाटी माझ्या फोटोत वाचता का येत नाही, तेही आता कळलं. मला वाटायचं फोन जुना झाला म्हणून.

दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. उलटं दिसणं हेच माझं रोजचं दिसणं, तेव्हा ते खटकणार कसं? तुला मात्र खटकलं. सहा वर्षं तू तो जिना चढली नाहीस आणि उमरेडला बसून छापील फोटोवरून चौथी पायरी ओळखलीस. यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पाय मोजत असते पायऱ्या. डोये नाई मोजत."

काल सकाळी फोनच्या पाठीमागच्या डोळ्याने पहिला फोटो काढला. पडदा माझ्याकडे, भिंत पुढे. दात नळाकडे झुकले. आधीचे सगळे मयुरीने पलटवून दिले, ते दोन मिनिटांचं काम निघालं. तुझे आकडे घालून वहीत नक्षी पुन्हा उतरवते आहे. मोडका दात चौथ्या जागी गेल्यावर सगळ्या काठाचा तोल बदलला. आधी तो अडखळल्यासारखा वाटायचा. आता तिथे कुणीतरी पाऊल टाकलं आहे असं वाटतं. प्रत सोबत आहे. पुन्हा तपास.

मी जे मागच्या पत्रात कबूल केलं, त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते मी धरूनच चालले होते. आकडे मात्र तू शेवटच्या दातापर्यंत मोजलेस.

आता पुढचं. शनिवारी अकरा वाजता भैरवी मॅडम फॉर्म न्यायला येतील. मी तो भरला आहे, पण मागच्या बाजूने. सहविणकर: अनुसया देवराव, सही, पत्ता. पुढची ओळ कोरी आहे. तिथे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव येणार नाही. शनिवारपर्यंत ती कोरीच राहिली तर मी फॉर्म देणार नाही. मॅडमना तसं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, असा उलटा फॉर्म मी पहिल्यांदाच पाहते आहे." मग म्हणाल्या, अकराऐवजी बारापर्यंत थांबेन.

सोमवारी ताणा चढेल. मागाला नवा आरसा आणलेला नाही. तुझी चौकट पुसून खड्ड्यात तिच्या जागी ठेवली आहे, काच बसवायची बाकी आहे. मापाला तू हवीस, कारण तुझ्या बाजूने किती तिरका लागतो ते मला कधी ठाऊक नव्हतं.

शनिवारचं यांनी भाऊजींना कळवलं होतं; काल सायंकाळी त्यांचा यांना फोन आला. तू शनिवारच्या पहिल्या बसची वेळ विचारलीस म्हणे. कशाला ते सांगितलं नाहीस, आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या बसने निघालं तर साडेनऊच्या सुमारास घरी पोचता येतं, असा त्यांचा हिशेब आहे.

या दिवसांत सावली दहापर्यंत टिकते. तेही मी पाहून ठेवलं आहे.

अनुसया